पॉलिगॉनला उंची देताना: सपाट आकृतीपासून बंद घनापर्यंत

जीआयएसमध्ये, म्हणजे संगणकावरच्या नकाशांच्या कामात, पॉलिगॉन ही इमारतीची किंवा हद्दीची बंद सपाट आकृती. ‘पॉलिगॉन थ्रीडी करून द्या’ या एका वाक्यामागे तीन निरनिराळी कामे दडलेली असतात. त्यातले कोणते हवे आहे हे आधी विचारून घेतले नाही, तर दिवसभर खपून हाती येते ते देखणे चित्र, आणि मागणाऱ्याला मात्र हवे असते घनफळ.

पहिले काम नुसते दाखवण्याचे. पॉलिगॉन डेटामध्ये सपाटच राहतो. ॲट्रिब्यूट टेबलमधला, म्हणजे आकृतीसोबतच्या माहितीच्या तक्त्यातला, उंचीचा आकडा वाचून सॉफ्टवेअर पडद्यावर त्याचा ठोकळा उभा करते. याला एक्स्ट्रूजन म्हणतात. लेअर (नकाशाचा थर) दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये नेला की ठोकळा गायब, कारण तो सिम्बॉलॉजीचा, म्हणजे दाखवण्याच्या शैलीचा, भाग होता, भूमितीचा नव्हे.

दुसरे काम म्हणजे प्रत्येक व्हर्टेक्सला, म्हणजे आकृतीच्या कडेवरच्या बिंदूला, एक्स आणि वायच्या जोडीला झेड, म्हणजे उंची, देणे. यातून पॉलिगॉन-झेड तयार होतो. उंची आता भूमितीतच साठवली जाते, पण आकृती अजून एकाच पृष्ठभागाची, हवेत धरलेल्या कागदासारखी असते. तिला भिंती नाहीत, जाडी नाही, घनफळही नाही.

तिसरे काम खऱ्या घनाचे. तळ, छप्पर आणि प्रत्येक भिंत स्वतंत्र पृष्ठभाग म्हणून साठवायची आणि सगळे मिळून आतली जागा पूर्ण बंद करायची. आर्कजीआयएस या सॉफ्टवेअरमध्ये या प्रकाराला मल्टिपॅच म्हणतात, पोस्टजीआयएस या नकाशांच्या डेटाबेसमध्ये पॉलिहेड्रल सरफेस. शेपफाइल या नकाशांच्या फाइल-स्वरूपातही हे तिन्ही प्रकार वेगळ्या सांकेतिक क्रमांकांनी ओळखले जातात: साधा पॉलिगॉन ५, पॉलिगॉन-झेड १५ आणि मल्टिपॅच ३१.

सादरीकरणासाठी पहिला प्रकार पुरतो. पाण्याची पातळी, जमिनीवर पसरलेली हद्द किंवा छपराचा उतार दाखवायचा तर दुसरा. घनफळ काढायचे, दोन वस्तू अवकाशात एकमेकींना छेदतात का ते पाहायचे, किंवा एखादा बिंदू इमारतीच्या आत आहे का हे तपासायचे, तर तिसऱ्याला पर्याय नाही. आर्कजीआयएसमधली इन्साइड थ्रीडी आणि इंटरसेक्ट थ्रीडी ही साधने बंद मल्टिपॅचवरच नीट चालतात.

आधी घरची साफसफाई

कोऑर्डिनेट सिस्टिम, म्हणजे जागा कोणत्या पद्धतीने आणि एककांत मोजली आहे ते, पहिल्यांदा पाहा. डेटा अक्षांश-रेखांशांत, म्हणजे ईपीएसजी ४३२६ या क्रमांकाच्या प्रणालीत असेल, तर तो मीटरमधल्या प्रोजेक्शनमध्ये (गोल पृथ्वी सपाट नकाशावर आणण्याच्या पद्धतीत) रूपांतरित करून घ्या. मध्यम आकाराच्या क्षेत्रासाठी त्या झोनचे यूटीएम हे प्रोजेक्शन चालते. कारण सरळ आहे. अंशांतल्या पॉलिगॉनला थेट १० एककांनी वर ओढले, तर सॉफ्टवेअरच्या लेखी ते १० अंश होतात. अक्षांशाचा १ अंश साधारण १११ किलोमीटरचा, तेव्हा तीन मजली इमारत अकराशे किलोमीटर उंच होते. पडद्यावर ढगांपलीकडे जाणाऱ्या सुया दिसल्या की समजावे, रूपांतर राहून गेले आहे. लेअरचे लेबल बदलून भागत नाही, बरं का. क्यूजीआयएस या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘सेट लेअर सीआरएस’ (सीआरएस म्हणजे कोऑर्डिनेट सिस्टिमच) नुसती पाटी बदलते. आकडे बदलण्यासाठी ‘रीप्रोजेक्ट लेअर’ चालवावे लागते.

मग भूमिती दुरुस्त करा. स्वतःलाच छेदणारे पॉलिगॉन, एकाच जागी दोनदा आलेले व्हर्टेक्स, एकावर एक पडलेल्या जुळ्या आकृत्या हे सगळे सपाट नकाशावर झाकून जाते. उभे केल्यावर मात्र भिंती उलट्या फिरतात किंवा छप्परच भरत नाही. आर्कजीआयएसमध्ये रिपेअर जॉमेट्री, क्यूजीआयएसमध्ये फिक्स जॉमेट्रीज. हे काम घन तयार करण्याच्या आधीच उरकायचे. नंतर का नाही, ते पोस्टजीआयएसच्या भागात येईल.

हाताने किंवा उपग्रहचित्रांवरून काढलेल्या फूटप्रिंटमध्ये, म्हणजे इमारतीच्या जमिनीवरच्या बाह्याकृतीत, अनावश्यक व्हर्टेक्स फार असतात. एकेका व्हर्टेक्समागे एक भिंत उभी राहणार आहे हे ध्यानात ठेवून ०.२ ते ०.३ मीटर टॉलरन्सने (चालणाऱ्या फरकाने) सिम्प्लिफाय करा, म्हणजे फालतू व्हर्टेक्स गाळा. मात्र शेजारच्या इमारतींच्या सामाईक भिंती असतील तर प्रत्येक पॉलिगॉन वेगवेगळा सोपा होतो आणि मध्ये बारीक फटी पडतात. तिथे टॉलरन्स कमी ठेवा किंवा हा टप्पाच सोडा. ४-५ चौरस मीटरपेक्षा लहान तुकडे बहुधा डिजिटायझेशनचा कचरा असतो. एकदा नजरेखालून घालून ते काढून टाका.

फील्डच्या, म्हणजे टेबलमधल्या रकान्यांच्या, नावांबद्दल एक खास आपल्या लिपीचा मुद्दा. शेपफाइलमध्ये फील्डच्या नावाला १० बाइटची मर्यादा आहे आणि देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात ३ बाइट खाते. ‘उंची’ या एवढ्याशा शब्दात उ, अनुस्वार, च आणि वेलांटी अशी चार चिन्हे आहेत, म्हणजे १२ बाइट. नाव अर्धवट तुटते आणि मग एक्स्प्रेशनला ते फील्ड सापडत नाही. म्हणून शेपफाइलऐवजी जिओपॅकेज किंवा जिओडेटाबेस या स्वरूपात डेटा ठेवा, नाहीतर फील्डची नावे रोमन लिपीत आखूड ठेवा. उंचीचे आकडेही इंग्रजी अंकांत (0 ते 9), दशांश असलेल्या अंकीय फील्डमध्येच हवेत. ‘१२ मी’ असे मजकुराच्या फील्डमध्ये लिहिलेले असेल तर सॉफ्टवेअर त्याला आकडा मानणार नाही.

उंचीचा आकडा आणायचा कुठून

सगळ्यात कच्चा मार्ग मजल्यांचा: मजल्यांची संख्या गुणिले एका मजल्याची उंची. निवासी इमारतीला साधारण ३ मीटर धरले तर चित्र बरे दिसते. कार्यालये आणि दुकाने यांचे मजले त्याहून उंच असतात. हे अंदाजाचे काम आहे, तेव्हा फील्डच्या शेजारी ‘स्रोत’ असे आणखी एक फील्ड ठेवा आणि कोणती उंची मोजलेली, कोणती मजल्यांवरून काढलेली याची नोंद करा. सहा महिन्यांनी ही नोंदच उपयोगी पडते.

पक्का मार्ग म्हणजे उंचीचे दोन रास्टर, म्हणजे चौकोनी सेलच्या जाळीत भरलेले आकडे. डीएसएममध्ये छपरे आणि झाडांसकट वरचा पृष्ठभाग असतो, डीटीएममध्ये उघडी जमीन. दोन्ही लायडारमधून, म्हणजे लेझरने केलेल्या मोजणीतून, मिळू शकतात. डीएसएममधून डीटीएम वजा केला की जमिनीपासूनच्या उंचीचा रास्टर मिळतो आणि झोनल स्टॅटिस्टिक्सने (आकृतीत येणाऱ्या सेलची सांख्यिकी काढणाऱ्या साधनाने) प्रत्येक फूटप्रिंटची उंची काढता येते.

इथे कोणते सांख्यिकी मूल्य निवडता यावर बरेच ठरते. कमाल मूल्य घेतले तर पाण्याची टाकी, अँटेना किंवा छपरावर झुकलेली फांदी मोजली जाते. सरासरी घेतली तर कडेचे सेल घात करतात: त्यांत अर्धी जमीन, अर्धे छप्पर असते आणि आकडा खाली ओढला जातो. फूटप्रिंट आधी १ मीटर आत आकसून घ्या, म्हणजे उणे १ मीटरचा बफर करा, आणि मग मध्यक काढा. सपाट छपरांना हे उत्तम लागू पडते. बफरमुळे नाहीसे झालेले अरुंद पॉलिगॉन वेगळे काढून त्यांचा मध्यक मूळ आकृतीवरून घ्या. ३० मीटर सेलच्या डीईएमवरून (उंचीच्या रास्टरवरून) इमारतींची उंची काढायच्या फंदात पडू नका. एका सेलमध्ये घर, अंगण आणि रस्ता सगळेच मावते.

उतरत्या छपरांचे काय? एक्स्ट्रूजनने नेहमी ठोकळाच मिळतो, कौलारू छप्पर नाही. पण घनफळ जुळवायचे असेल तर साधा हिशोब आहे. दोन बाजूंना उतरणाऱ्या छपराची वळचण ६ मीटरवर आणि आढे ९ मीटरवर असेल, तर ७.५ मीटरचा ठोकळा नेमके तेवढेच घनफळ देतो, कारण वळचणीच्या वरचा भाग त्रिकोणी प्रिझम आहे आणि तो त्याच्याभोवतीच्या पेटीचा बरोबर निम्मा. पिरॅमिडसारख्या छपराला मात्र एक तृतीयांश धरावा लागतो, म्हणजे ७ मीटर. सिटीजीएमएल या शहरांच्या थ्रीडी मॉडेलच्या मानकाच्या भाषेत हा ठोकळा एलओडी-१ (एलओडी म्हणजे तपशिलाची पातळी) आणि छपराचा आकार दाखवणारे मॉडेल एलओडी-२. एलओडी-२ नुसत्या उंचीच्या फील्डवरून होत नाही. त्यासाठी छपराची माहिती किंवा दाट पॉइंट क्लाउड (लायडारसारख्या मोजणीतले सुटे बिंदू) लागतो.

घोडं पेंड खातं ते पायाशी

उंचीची काळजी सगळेच घेतात; तळ कुठे टेकणार हे कोणी विचारत नाही. सपाट जमिनीवर चालून जाते. उतारावर मात्र इमारत एका कोपऱ्यात हवेत लटकते किंवा छप्पर तिरके होते.

एक उदाहरण घेऊ. फूटप्रिंटखालची जमीन सर्वांत खाली ६१२.४ मीटर आणि सर्वांत वर ६१५.१ मीटर आहे. डीएसएमवरून छप्पर ६२४.८ मीटरवर. तळ सर्वांत खालच्या बिंदूवर ठेवायचा: ६१२.४. मग ठोकळ्याची उंची छप्पर वजा तळ, म्हणजे १२.४ मीटर. चढाच्या बाजूला इमारत २.७ मीटर जमिनीत शिरते आणि ते योग्यच आहे, खऱ्या इमारतीचा पायाही तसाच खोदलेला असतो. हाच १२.४ आकडा वरच्या बिंदूपासून मोजला तर छप्पर ६२७.५ वर जाते, २.७ मीटर जास्त. आणि प्रत्येक व्हर्टेक्स आपापल्या जमिनीवर टेकवून तिथून १२.४ मीटर वर ओढला, तर छप्पर उताराइतकेच कलंडते.

म्हणून टेबलमध्ये तीन फील्ड ठेवावेत: तळाची पातळी, छपराची पातळी आणि त्यांची वजाबाकी. यांपैकी पहिला फूटप्रिंटखालच्या डीटीएमच्या किमान मूल्यावरून येतो. आर्कजीआयएसमध्ये ॲड सरफेस इन्फर्मेशन हे साधन किमान, कमाल आणि सरासरी झेड देते. ते मूळ टेबलमध्येच फील्ड वाढवते, म्हणून आधी प्रत काढून ठेवा. क्यूजीआयएसमध्ये झोनल स्टॅटिस्टिक्समधले मिनिमम. डीटीएममध्ये एखादा खड्ड्यासारखा चुकीचा सेल असेल तर किमान मूल्य भलतेच खाली जाते. कमाल आणि किमान यांतला फरक काढून टेबल उतरत्या क्रमाने लावले की असे पॉलिगॉन लगेच वर येतात.

दोन्ही रास्टरचे उभे डेटम, म्हणजे उंची मोजायचा शून्य पृष्ठभाग, एकच आहे ना, हेही पाहून घ्या. उपग्रहावरून मिळालेली कच्ची उंची इलिप्सॉइडपासून (पृथ्वीच्या गुळगुळीत गणिती आकारापासून) मोजलेली असते, नकाशांवरची समुद्रसपाटीपासून, म्हणजे जिओइडपासून. या दोन्हींतला फरक जगभरात साधारण उणे १०६ ते अधिक ८५ मीटरपर्यंत जातो. एसआरटीएम या जागतिक डीईएमची उंची ईजीएम९६ जिओइडवर आहे, कोपर्निकस डीईएमची ईजीएम२००८ जिओइडवर, तर ड्रोनच्या सर्वेक्षणातून आलेला डीएसएम पुष्कळदा इलिप्सॉइडवरचाच राहिलेला असतो. सगळ्या इमारती एकाच अंतराने, उदाहरणार्थ ६० मीटर, हवेत किंवा जमिनीत दिसत असतील, तर तो घोळ डेटमचाच असतो. चूक सगळीकडे सारखी असेल तर डेटम, जागोजागी वेगळी असेल तर तळाचा आकडा, आणि सगळ्या इमारती साधारण ३.२८ पट किंवा तेवढ्याच भागाने चुकत असतील तर फूट आणि मीटरची गल्लत. १ फूट म्हणजे ०.३०४८ मीटर.

आर्कजीआयएस प्रोमध्ये

प्रोजेक्शनमधल्या डेटासाठी लोकल सीन उघडा, ग्लोबल नको. लेअर टाकला की तो बहुधा टूडी लेअर्सच्या गटात जातो आणि जमिनीवर चिकटून राहतो. कंटेंट्स पेनमध्ये तो ओढून थ्रीडी लेअर्सच्या गटात आणा. एवढे न केल्यामुळे एक्स्ट्रूजनची बटणे मंद दिसतात आणि माणूस परवान्याला दोष देत बसतो.

आता एक्स्ट्रूजनवर उडी मारण्याआधी फीचर टू थ्रीडी बाय ॲट्रिब्यूट चालवा आणि उंचीचे फील्ड म्हणून तळाची पातळी द्या. प्रत्येक पॉलिगॉन आपापल्या तळावर आडवा आणि सपाट होऊन बसतो. नव्या लेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये एलिव्हेशनखाली ‘ॲट ॲन ॲब्सोल्यूट हाइट’ निवडा. इथे ‘रिलेटिव्ह टू द ग्राउंड’ ठेवले तर जमिनीची ६१२ मीटर आणि पॉलिगॉनची ६१२ मीटर यांची बेरीज होऊन इमारत सव्वाबाराशे मीटरवर तरंगते.

मग लेअर निवडून रिबनवरच्या फीचर लेअर टॅबमध्ये एक्स्ट्रूजनचा प्रकार, उंचीचे फील्ड आणि एकक द्या. प्रकार चार आहेत. मिनिमम हाइट सर्वांत खालच्या झेडपासून मोजून सपाट छप्पर देतो, मॅक्सिमम हाइट सर्वांत वरच्यापासून. बेस हाइटमध्ये प्रत्येक व्हर्टेक्स स्वतःच्या झेडपासून वर जातो, त्यामुळे तळ तिरका तर छप्परही तिरके. ॲब्सोल्यूट हाइटमध्ये दिलेला आकडा हीच छपराची पातळी समजली जाते, तिथे १२.४ नव्हे, ६२४.८ द्यायचे. आपण तळ आधीच सपाट केला असल्यामुळे पहिले तिन्ही प्रकार सारखेच उत्तर देतात. तो जास्तीचा टप्पा याचसाठी होता.

पडद्यावर ठोकळे बरोबर दिसले की लेअर थ्रीडी टू फीचर क्लास हे साधन चालवा. त्याला थ्रीडी ॲनालिस्ट एक्स्टेन्शन लागते. हे साधन सिम्बॉलॉजीत दिसणारा आकार जसाच्या तसा मल्टिपॅचमध्ये उतरवते, म्हणजे एक्स्ट्रूजन चुकले असेल तर चूकही पक्की होते. इनपुट म्हणून सीनमधला लेअर द्या. फोल्डरमधली मूळ फाइल दिली तर तिच्यात एक्स्ट्रूजनच नसते. विश्लेषणासाठीच मल्टिपॅच हवा असेल तर रंग आणि टेक्स्चर बंद करण्याचा पर्याय वापरा, फाइल हलकी होते.

जिओडेटाबेसमध्ये नवा फीचर क्लास हाताने बनवत असाल तर झेड मूल्ये चालू ठेवायचा निर्णय त्याच वेळी घ्यावा लागतो. नंतर तो बदलता येत नाही; झेड चालू केलेल्या नव्या फीचर क्लासमध्ये डेटा हलवावा लागतो.

क्यूजीआयएसमध्ये

व्ह्यू मेनूतून नवा थ्रीडी मॅप व्ह्यू उघडा. ही सोय क्यूजीआयएसमध्ये ३.० आवृत्तीपासून, म्हणजे २०१८ पासून अंगभूत आहे. लेअरच्या प्रॉपर्टीजमध्ये थ्रीडी व्ह्यू टॅबवर सिंगल सिम्बॉल निवडा. हाइट म्हणजे तळ, एक्स्ट्रूजन म्हणजे ठोकळ्याची उंची. दोन्हींच्या शेजारच्या डेटा-डिफाइन्ड बटणातून आपापली फील्ड जोडा आणि अल्टिट्यूड क्लॅम्पिंग (उंची कशी मोजायची तो पर्याय) ॲब्सोल्यूट ठेवा.

क्लॅम्पिंगच्या तीन पर्यायांत लोक फार अडखळतात. ॲब्सोल्यूटमध्ये भूमितीतला झेड आणि हाइटचा आकडा एवढेच मोजले जाते. रिलेटिव्हमध्ये त्यावर जमिनीची उंची मिळवली जाते. टेरेनमध्ये भूमितीतला झेड सोडून देऊन जमिनीवर बसवले जाते. तुम्ही सेट झेड व्हॅल्यू साधनाने तळ भूमितीत भरला असेल आणि हाइटमध्येही तेच फील्ड जोडले असेल, तर ६१२.४ दोनदा मोजले जाऊन तळ १२२४.८ वर जातो. एक काहीतरी ठेवा: झेड भूमितीत असेल तर हाइट शून्य.

टेरेनसाठी, म्हणजे जमिनीच्या आकारासाठी, थ्रीडी व्ह्यूच्या सेटिंगमध्ये डीईएम रास्टर निवडा आणि उभे प्रमाण १ ठेवा. ते वाढवले की जमीन फुगते, पण ॲब्सोल्यूट उंचीवरच्या इमारती जागीच राहून त्यात बुडतात. आणखी एक फसवी गोष्ट म्हणजे टाइल रिझोल्यूशन. ते मुळात १६ असते, त्यामुळे पडद्यावरची जमीन खऱ्या रास्टरपेक्षा बरीच ओबडधोबड होते आणि आकडे बरोबर असूनही इमारती किंचित अधांतरी वाटतात. ते ३२ किंवा ६४ करून पाहा, मगच डेटावर संशय घ्या.

हे सगळे चित्रणच आहे, हे मात्र विसरू नका. थ्रीडी व्ह्यूमधून सीन ओबीजे स्वरूपात बाहेर काढता येतो आणि तो ब्लेंडरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये उघडतो, पण ॲट्रिब्यूट टेबल त्यासोबत जात नाही. प्रोसेसिंग टूलबॉक्समधले टेसेलेट साधनही फक्त पृष्ठभागाचे त्रिकोण पाडते, भिंती उभ्या करत नाही. माहितीसकट खरा घन हवा असेल तर पोस्टजीआयएसकडे वळावे.

पोस्टजीआयएसमध्ये खरा घन

डेटाबेसमध्ये पोस्टजीआयएसच्या जोडीला एसएफसीजीएएल हे थ्रीडी भूमितीचे एक्स्टेन्शन चालू करावे लागते. त्यानंतर क्रम असा. मल्टिपॉलिगॉन असतील तर एसटी_डंपने सुटे करा. एसटी_फोर्सपॉलिगॉनसीसीडब्ल्यूने बाहेरची कडा घड्याळाच्या उलट दिशेची करून घ्या. एसटी_फोर्सथ्रीडीझेडला दुसरा आकडा म्हणून तळाची पातळी द्या. मग एसटी_एक्स्ट्रूडला एक्स आणि वाय शून्य आणि झेडच्या जागी ठोकळ्याची उंची. पोस्टजीआयएस ३.५ पासून एसएफसीजीएएलच्या फंक्शनची नावे सीजी_ने सुरू होतात, तिथे सीजी_एक्स्ट्रूड लिहा. जुन्या नावांवर कालबाह्य असल्याचा शिक्का बसला आहे.

जमिनीवर पसरवलेला, म्हणजे प्रत्येक व्हर्टेक्सला वेगळा झेड असलेला पॉलिगॉन इथे चालत नाही. चार किंवा अधिक बिंदू एकाच प्रतलात नसतील तर एसएफसीजीएएल तो अवैध ठरवून त्रुटी देते. आडवा सपाट तळ इथेही आपल्याला वाचवतो.

उत्तर तपासायला पृष्ठभाग मोजा. एन बाजूंच्या पॉलिगॉनमधून एन भिंती, एक तळ आणि एक छप्पर निघाले पाहिजे. आयताला ६, सहा कोपऱ्यांच्या एल आकाराला ८. मधोमध चौकोनी चौक असलेल्या आयताकृती इमारतीला ४ बाहेरच्या, ४ आतल्या आणि २ आडव्या अशा १०. आकडा जास्त आला तर सरळ रेषेवर फालतू व्हर्टेक्स आहेत, किंवा तोच व्हर्टेक्स दोनदा आला आहे.

घनफळ काढताना पुष्कळदा शून्य येते. कारण पोस्टजीआयएसला बंद पृष्ठभाग आणि घन या वेगळ्या गोष्टी वाटतात; एसटी_व्हॉल्यूम पृष्ठभागाचे घनफळ शून्यच सांगते, तो कितीही नीट बंद असो. आधी एसटी_मेकसॉलिडने त्याला घन म्हणून जाहीर करावे लागते. हे फंक्शन फक्त शिक्का मारते, आकृती खरोखर बंद आहे का ते पाहत नाही. म्हणून एका परिचित आकृतीवर पडताळा घ्या: १२ बाय १० मीटरचा आयत ९ मीटर उंच केला तर १०८० घनमीटर यायलाच हवेत. नंतर सगळ्या टेबलसाठी घनफळ आणि क्षेत्रफळ गुणिले उंची यांची तुलना करा. फरक दिसला ती ओळ उघडून पाहा.

जुन्या क्यूजीआयएसला पॉलिहेड्रल सरफेस वाचता येत नसेल तर एसटी_डंपने त्याचे पृष्ठभाग सुटे करून एसटी_कलेक्टने मल्टिपॉलिगॉन-झेड बनवा. आता सुरुवातीला टांगून ठेवलेला मुद्दा: भूमितीची दुरुस्ती आधीच का. उभी भिंत वरून पाहिली तर नुसती रेघ दिसते. भूमितीची वैधता तपासणारी नेहमीची साधने झेड दुर्लक्षून वरूनच पाहतात, त्यामुळे त्यांच्या मते प्रत्येक भिंत अवैध, शून्य क्षेत्रफळाची. अशा लेअरवर फिक्स जॉमेट्रीज चालवले तर ते इमानेइतबारे सगळ्या भिंती मोडून टाकते. ‘इनव्हॅलिड’ असे लाल शेरे दिसले म्हणून घाबरू नका आणि दुरुस्तीलाही जाऊ नका.

मजले, तळघर आणि जमिनीवरच्या आकृत्या

एका फूटप्रिंटमधून मजलेवार घन करायचे असतील तर मजल्यागणिक पॉलिगॉनची एकेक प्रत करा आणि मजला क्रमांकाचे फील्ड ठेवा. तळमजल्याला क्रमांक १ दिला आणि मजल्याची उंची ३.२ मीटर असेल, तर क्रमांक ५ च्या मजल्याचा तळ इमारतीच्या तळापासून ४ गुणिले ३.२, म्हणजे १२.८ मीटरवर, क्रमांकातून १ वजा करायचे राहिले की सगळी इमारत एक मजला वर सरकते. दोन मजल्यांचे छप्पर आणि तळ तंतोतंत एकाच पातळीवर आले तर पडद्यावर दोन्ही रंग लुकलुकतात. ठोकळ्याची उंची ३.२ ऐवजी ३.१ दाखवली की लुकलुक थांबते आणि मजले सुटेही दिसतात. घनफळ काढताना मात्र पूर्ण ३.२ घ्या. तळघरासाठी तळ तेवढा खाली ठेवून उंची धनच द्या. ऋण एक्स्ट्रूजनने आकार तयार होतो, पण भिंतींची तोंडे आत वळण्याची शक्यता असते.

पाण्याच्या पातळीसारख्या आडव्या पृष्ठभागाला एक्स्ट्रूजन नको, नुसता स्थिर झेड पुरे. शेताच्या हद्दी किंवा जमीनवापराचे पॉलिगॉन जमिनीवर पसरवायचे असतील तर क्यूजीआयएसचे ड्रेप साधन झेड भरते, पण फक्त जिथे व्हर्टेक्स आहे तिथे. दोनशे मीटरच्या सरळ बांधाला दोनच व्हर्टेक्स असतील तर मधली टेकडी तो बांध आरपार कापून जातो. ड्रेपच्या आधी डीईएमच्या सेलएवढ्या अंतराने डेन्सिफाय करा, म्हणजे मध्ये जादा व्हर्टेक्स घाला. आर्कजीआयएसचे इंटरपोलेट शेप मात्र हे व्हर्टेक्स स्वतःच घालते. तरीही फक्त कडा जमिनीला धरून राहते. आतला भाग कडेच्या बिंदूंवरून त्रिकोण पाडून भरला जातो, मग मधला डोंगर त्यातून डोके वर काढतो. आतही जमिनीचाच आकार हवा असेल तर टिन (त्रिकोणांनी बनलेला जमिनीचा पृष्ठभाग) बनवून इंटरपोलेट पॉलिगॉन टू मल्टिपॅच वापरा. खोदकामाचा किंवा मातीच्या थराचा घन हवा असेल तर आर्कजीआयएसचे एक्स्ट्रूड बिटवीन: वरचा टिन, खालचा टिन आणि हद्दीचा पॉलिगॉन. पॉलिगॉन दोन्ही टिनच्या आत पूर्ण बसलेला हवा. कडेला बाहेर गेला तर तिथला घन मिळणार नाही.

सुपूर्द करण्याआधी

रिकाम्या उंचीच्या ओळी शोधा. त्या पॉलिगॉनचा ठोकळा न होता चकती राहते आणि शेकडो इमारतींत ती सहज नजरेआड होते. शेपफाइलमधून आलेल्या डेटात रिकाम्या किमतीचा पुष्कळदा शून्य झालेला असतो, तेव्हा शून्यही शोधा.

आर्कजीआयएसमध्ये इज क्लोज्ड थ्रीडी चालवून उघडे राहिलेले मल्टिपॅच वेगळे काढा. एन्क्लोज मल्टिपॅच भोके बुजवते, पण उघड्या आकृत्यांचे प्रमाण मोठे असेल तर बुजवत बसण्यापेक्षा मूळ पॉलिगॉन दुरुस्त करून घन नव्याने काढणे जलद होते. ॲड झेड इन्फर्मेशनने घनफळ काढून वरच्यासारखाच क्षेत्रफळ गुणिले उंचीचा पडताळा घ्या.

काही भिंती काळ्या किंवा पारदर्शक दिसत असतील तर त्यांच्या पृष्ठभागाची दिशा उलटी आहे. कडेची दिशा सुधारून पुन्हा एक्स्ट्रूड करा. क्यूजीआयएसमध्ये इन्व्हर्ट नॉर्मल्सने दिसणे सुधारते, डेटा नाही.

वेबवर दाखवायचे असेल तर बहुतेक वेळा तिसऱ्या प्रकारापर्यंत जायचीच गरज नसते. मॅपलिबरेसारख्या वेब-नकाशांच्या लायब्ररीत फिल-एक्स्ट्रूजन थर सपाट पॉलिगॉन आणि तळ-उंचीचे दोन आकडे घेऊन ठोकळे स्वतः उभे करतो. तिथे तळ समुद्रसपाटीपासून नव्हे, जमिनीपासून मोजायचा, ६१२.४ दिलात तर तिथेही इमारती आकाशात जातील.